चंदेरी कागदातलं पाणी

गायत्रीच्या रक्ताचा रिपोर्ट निंबाच्या हातात आला, तेव्हा त्याला त्यातला एकच शब्द वाचता आला. निंबाला इंग्रजी येत नव्हतं. पण तो शब्द तो गेले आठ महिने रोज बघत होता. बारडोली रोडवरच्या एका संशोधन संस्थेत तो उंदरांच्या खोलीत कामाला होता आणि तिथल्या पिंजऱ्यांना अडकवलेल्या कार्डांवर तो शब्द तशाच तिरक्या अक्षरांत छापलेला असायचा. कॅन्डिडा.

"काका, लोहीमां फूग छे," डॉक्टर म्हणाले. निंबाचा चेहरा बघून त्यांनी तेच हिंदीत सांगितलं, "खून में फंगस आ गया है. दवा शुरू कर दी है. अब देखते हैं."

गायत्री त्याची एकुलती मुलगी. वीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. टायफॉइड झाला, अंगावर काढला आणि एका दुपारी आतडं फुटलं. ऑपरेशन झालं. पोटातला पू काढला, आतडं शिवलं, मानेतल्या शिरेत नळी घातली आणि एकामागून एक अँटिबायोटिक सुरू झाली. सहाव्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशी ती वडिलांना म्हणाली होती, "पप्पा, माझा परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिलाय." आठव्या दिवशी ताप परत चढला, आणि आज, सोमवारी, हा रिपोर्ट.

आयसीयूच्या दाराशी बाकड्यावर त्याची बायको पुष्पाबाई बसली होती. तिने गावाकडच्या बोलीत विचारलं, "डाक्टरनी काय सांगं?"

"औषध चालू करेल शे."

"पोर वाची जाई ना?"

निंबाने रिपोर्टची घडी केली, खिशात घातली आणि सरळ संस्थेकडे जायला रिक्षा पकडली.

संस्थेत मराठी बोलणारी दोनच माणसं होती, निंबा आणि विशाखा. विशाखा कोसाडची, रेल्वे कामगाराची मुलगी, पीएच.डी.चं चौथं वर्ष. तो तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला निंबाभाऊ. उंदरांवरचा हा प्रयोग तिचाच होता. याआधी दोनदा फसला होता. या तिसऱ्या खेपेला प्रथमच नीट चालला होता, म्हणून ती आजकाल सकाळी सगळ्यांच्या आधी यायची.

तिने रिपोर्ट वाचला. खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "बसा, निंबाभाऊ."

"हीच ना ती? आपलीच?"

"बुरशीची जात तीच आहे."

निंबाला वाटलं, आपण घरी नेली. आपल्या कपड्यांना लागून गेली. विशाखाला ते कळलं असावं. "तुमच्यामुळे नाही," ती लगेच म्हणाली. "ही बुरशी सगळ्यांच्या पोटात असते. तुमच्या, माझ्याही. इतकी अँटिबायोटिक्स दिली की पोटातले चांगले जंतू मरतात, हिला मोकळं रान मिळतं. त्यात आतडं फुटलेलं, शिरेत नळी. तिथून ती रक्तात गेली."

निंबाला हे थोडंफार माहीत होतं. पहिल्या महिन्यात तिनेच त्याला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं. एका काचेवर साबुदाण्यासारखे गोल दाणे. दुसऱ्या काचेवर लांब लांब तंतू, एकमेकांत गुंतलेले. "ही दोन वेगळी नाहीत बरं का," ती म्हणाली होती. "बुरशी एकच, रूपं दोन. गोल असते तेव्हा बहुतेक गप्प राहते. तंतू काढायला लागली की मांसातून, शिरेतून आरपार घुसते." बावीस वर्षं गोडादऱ्यात कापडाचा लूम चालवलेल्या माणसाला तंतू काय असतो ते सांगावं लागत नव्हतं.

प्रयोगही त्याला समजला होता, निदान डोळ्यांना दिसत होता तेवढा. वीस उंदरांना एकाच दिवशी, एकाच मापाने, शेपटीच्या शिरेतून ती बुरशी टोचली होती. सात आणि आठ नंबरच्या पिंजऱ्यांतल्या दहांना प्यायला नुसतं साखरेचं पाणी. नऊ आणि दहा नंबरमधल्या दहांना त्याच पाण्यात एक औषध. औषध उजेडाने खराब होतं म्हणून त्या बाटल्यांना चंदेरी कागद गुंडाळलेला असे. सात आणि आठमधले उंदीर तिसऱ्या दिवसापासून कुबड काढून बसले, अंगावरचे केस उभे राहिले, आणि सहा दिवसांत दोन्ही पिंजरे रिकामे झाले. नऊ आणि दहामधले दहाही उंदीर आज चौदाव्या दिवशी जाळीला लोंबकळत खेळत होते.

"ताई," निंबा म्हणाला, "ते चंदेरी कागदातलं पाणी द्या मला."

विशाखाला हे अपेक्षित नव्हतं. "ते औषध नाहीये, निंबाभाऊ."

"दहाच्या दहा जिवंत आहेत."

"आहेत. पण ऐका. ते साधं अँटिबायोटिक आहे. त्यानं बुरशी मरत नाही. आम्ही त्या बुरशीच्या आत एक बटण बसवलंय. पाण्यातलं औषध पोटात असलं की बटण बंद, बुरशी गोल राहते. औषध नसलं की बटण चालू, तंतू निघतात. आमच्या बुरशीला ते बटण आहे म्हणून ते पाणी चालतं. गायत्रीच्या अंगातल्या बुरशीला बटणच नाही."

"मग तिच्या बुरशीला बसवा ना."

तो हे इतक्या गंभीरपणे म्हणाला, की विशाखाने मान खाली घातली. "तसं नाही करता येत," ती म्हणाली. "कुणालाच नाही येत. डॉक्टरांनी सुरू केलंय तेच खरं औषध. त्याला वेळ द्या."

निंबाने मान हलवली. तिचं बोलणं त्याने शब्दन्‌शब्द ऐकलं होतं, आणि त्यातल्या एकाही शब्दावर त्याचा विश्वास बसला नव्हता. त्याला वाटलं, नियम असणार. उंदरांचं माणसाला द्यायचं नाही असं कुठेतरी लिहिलेलं असणार, आणि शिकलेली माणसं लिहिलेल्याच्या बाहेर जात नाहीत. पण तिचं कुणी आयसीयूत नाही. दहा उंदीर मात्र समोर जिवंत होते, आणि ते तर खोटं बोलत नव्हते.

मंगळवारी सकाळी बाटल्या भरायचा दिवस होता. विशाखा सोमवारी आणि गुरुवारी पाणी बनवून फ्रिजमध्ये ठेवायची, भरायचं काम निंबाचं. त्याने फ्रिजमधली बरणी काढली आणि सगळं पाणी प्लास्टिकच्या दोन बाटल्यांत ओतून पिशवीत घातलं. मग बरणीत आणि पिंजऱ्यांच्या बाटल्यांत नुसतं साखरेचं पाणी भरलं आणि चंदेरी कागद परत गुंडाळला. आतलं पाणी पिवळसर आहे की पांढरं, ते बाहेरून कुणाला दिसणार नव्हतं. उंदीर आता बरे झालेत, त्याने स्वतःला समजावलं. चार दिवस नाही प्यायले तर काय बिघडणार आहे?

दवाखान्यात अकरा ते बारा एकाला आत सोडत. गायत्रीला चमच्याने पाणी द्यायला परवानगी मिळाली होती. आत जाण्यापूर्वी त्याने पुष्पाबाईला बाटली दाखवली आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं.

"हाई पाणी पिईसन दहा उंदीर जित्ता शेतस. मी मन्हा डोयाघाई दखेल शे."

पुष्पाबाईने विचारलं, "उंदीरस्नं पाणी पोरले पाजशात?"

"मंग काय करू? तूच सांग."

पुष्पाबाईने बाटली हातात घेतली. तिने पदराने बाटलीचं तोंड पुसून दिलं.

गायत्रीचे ओठ सुकून पांढरे पडले होते. निंबाने नर्सची पाठ वळायची वाट बघितली आणि पाच चमचे पाजले. संध्याकाळच्या वेळेला परत पाच. बुधवारी ताप एक डिग्रीने उतरला. बाहेर येऊन निंबाने पुष्पाबाईचा हात धरला. भर दवाखान्यात, सगळ्यांसमोर, लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा. दोघं कँटीनमध्ये जाऊन चहा प्यायली, आणि पुष्पाबाईने पाच दिवसांत पहिल्यांदा अख्खी पोळी खाल्ली. गुरुवारी विशाखाने नवं पाणी बनवलं. तेही निंबाने नेलं.

शुक्रवारी सकाळी नऊ नंबरच्या पिंजऱ्यात दोन उंदीर कोपऱ्यात कुबड काढून बसले होते.

निंबा ते केस उभे राहिलेलं अंग ओळखत होता. त्याने पिंजरा हलवून बघितला. बाकीचे तीन पळाले, ते दोघं हलले नाहीत. त्याने वजन केलं. दोघंही दोन दिवसांत बरेच उतरले होते.

विशाखाने वजनाचा आकडा वाचला आणि काटा खराब आहे म्हणाली. दुसरा काटा आणला. मग पाणी बनवायचा कागद काढून प्रत्येक माप दोनदा तपासलं. पावडरची डबी उलटीसुलटी करून तारीख बघितली. शेवटी ती पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसली. "मी काहीतरी चुकलेय," ती म्हणाली. "निंबाभाऊ, काय चुकलं असेल हो माझं? तिसऱ्यांदा. सरांनी सांगितलंय, आता परत उंदीर मिळणार नाहीत." तिने पावडरची डबी परत उघडली. निंबा भुसा बदलत राहिला. सांगून टाकावं असं त्याला वाटलं, पण बाटलीत अजून पाणी शिल्लक होतं आणि गायत्रीचा ताप उतरत होता.

त्या संध्याकाळी गायत्री म्हणाली, "पप्पा, डाव्या डोळ्यासमोर धूर दिसतोय."

"डोळे चोळू नको. झोप झाली नाही ना, म्हणून."

"नाही पप्पा. पुसला तरी जात नाही."

ताप परत एकशेतीनवर होता. त्याने पाचाऐवजी आठ चमचे पाजले.

शनिवारी नऊ नंबरमधला एक उंदीर मेला होता आणि दहा नंबरमधले तीन उठत नव्हते. इतकं वजन उतरलं, की जनावराला आणखी यातना द्यायच्या नाहीत असा नियम होता. विशाखाने त्या तिघांना गॅस देऊन शांत केलं. मग तिने एकाचं पोट उघडलं. निंबाला बाहेर जा म्हणाली नाही आणि तोही गेला नाही. मूत्रपिंडावर पांढरे ठिपके होते, रव्याच्या कणाएवढे. तिने एक बारीक तुकडा काचेवर दाबला, थेंब टाकला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बराच वेळ डोळा लावून बसली.

"तंतू," ती म्हणाली. "सगळीकडे तंतू. म्हणजे यांच्या पोटात औषध गेलंच नाही."

"मला बघू द्या," निंबा म्हणाला.

तो वाकला. लांब, गुंतलेले तंतू, मांसाच्या आत घुसलेले. बघता बघता त्याला ते सगळं एकदम समजलं, जे सोमवारी ऐकूनही समजलं नव्हतं. ते दहा उंदीर बरे झालेच नव्हते. बुरशी चौदा दिवस त्यांच्या आत तशीच बसून होती, फक्त गोल. पाण्याने तिला मारलं नव्हतं, नुसतं थांबवलं होतं. पाणी तुटलं आणि तिसऱ्या दिवशी ती उठली. आणि गायत्रीच्या अंगातली तर कधी थांबलीच नव्हती.

त्याने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. तो विशाखाकडे वळला.

"ताई, पाणी मी नेलं."

विशाखाला आधी कळलंच नाही. "कुठलं पाणी?"

"मंगळवारचं. गुरुवारचंही. यांना साखरेचं पाणी भरलं मी. गायत्रीला पाजलं."

ती उठून उभी राहिली. निंबाला वाटलं, आता ओरडेल, मारेलही. तिचा चेहरा लाल झाला, ओठ हलले, पण पहिला प्रश्न आला तो असा: "किती? किती दिलं तिला?"

"सकाळी पाच चमचे. संध्याकाळी पाच. काल आठ."

"चार दिवस?"

"चार दिवस."

"निंबाभाऊ, मी तुम्हाला सांगितलं होतं. अँटिबायोटिक आहे म्हणून सांगितलं होतं. तिच्या पोटातले उरलेसुरले चांगले जंतूही…" तिने वाक्य अर्धंच सोडलं. हातमोजे काढून फेकले आणि स्कूटरची किल्ली घेतली. "चला. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांगायचं."

"ते पोलिसांत देतील."

"देऊ देत. त्यांना माहीत नसेल तर ते तिच्यावर उपचार कसे करतील?"

अर्ध्या तासाचा रस्ता होता. विशाखाने ट्रकांच्या मधून स्कूटर काढली. दवाखान्यात डॉक्टर राउंडवर होते. निंबाने त्यांना दारातच गाठलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. पिशवीतली बाटली काढून त्यांच्या हातात दिली. औषधाचं नाव आणि पाण्यातलं प्रमाण विशाखाने सांगितलं.

डॉक्टरांनी बाटली हातात फिरवली. "लैब का पानी? जिसकी आँत सिली है, उस पेशंट को?" त्यांचा आवाज चढला. नर्स बघायला लागल्या. "काका, तमे भान मां छो? अक्कल है कि नहीं?"

"नहीं है, साहेब," निंबा म्हणाला. "मुझको मारो. लेकिन उसको बचाओ. और उसकी आँख में धुआँ दिखता है. कल से."

आँख हा शब्द ऐकताच डॉक्टरांचा राग मध्येच थांबला. "कल से? किसीको बताया क्यों नहीं?" ते वळले आणि भराभरा आत गेले.

दीड तासाने डोळ्यांची डॉक्टर आली. बुरशी रक्तातून डाव्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचली होती. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागणार होतं. मानेतली जुनी नळी काढली. चालू औषध पुरत नाही असं ठरलं, आणि त्याच दुपारी दुसरं, जास्त कडक औषध शिरेतून सुरू झालं. काय झालं ते विशाखाने पुष्पाबाईला सांगितलं. पुष्पाबाईने ऐकून घेतलं. ती बाकड्यावर सरकून बसली, नवऱ्यापासून दोन हात दूर. थोड्या वेळाने म्हणाली, "बाटलीनं तोंड मीच पुसं व्हतं." आणि तिला रडू आवरेना.

सगळ्यात वाईट गोष्ट निंबाला नंतर कळली. त्याने डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं होतं, "साहेब, आँख मेरी वजह से गया क्या?"

डॉक्टर दमलेले होते. "मालूम नहीं," ते म्हणाले. "हो सकता है पहले ही पहुँच गया हो. हो सकता है आपके पानी से फंगस को और जगह मिली हो. कोई नहीं बता सकता." निंबाला हो ऐकायचं होतं, नाहीतर नाही. शिक्षा झाली असती तर त्याने भोगली असती. हे तिसरं उत्तर कसं सोसायचं, ते त्याला कळेना.

सोमवारी विशाखाला प्रयोगाचा अहवाल लिहायचा होता. तिच्या सरांनी सुचवलं, बाटल्या चौदाव्या दिवसानंतर गळल्या, तोवरचे आकडे धरा असं लिहून टाक, प्रकरण वाढवू नको. ते ऐकायला निंबा तिथेच होता. त्याला चौकशीसाठी बोलावलं होतं. विशाखाने कागद पुढे ओढला. खरं लिहिलं तर निंबाची नोकरी जाणार होती आणि तिच्या प्रयोगाचा अर्धा भाग रद्द होणार होता. खोटं लिहिलं तर दोन्ही वाचत होतं.

"माझं नाव लिहा, ताई," निंबा म्हणाला. "मी एकदा लपवलं. आता तुम्ही लपवू नका."

तिने लिहिलं. सरांनी वाचलं, बराच वेळ पेन हातात धरून बसले, आणि सही केली. निंबाला त्याच दिवशी कामावरून काढलं. नऊ आणि दहा नंबरचे आकडे बाद झाले. उरलेल्या सहा उंदरांना विशाखाने दुसऱ्या दिवशी शांत केलं. त्या दिवशी मदतीला कुणी नव्हतं.

गायत्रीचा ताप आणखी नऊ दिवस चढत-उतरत राहिला. एकदा रक्तदाब इतका खाली गेला, की डॉक्टरांनी दोघांनाही एकदम आत सोडलं, आणि एकदम आत सोडण्याचा अर्थ त्यांना कळला. पुष्पाबाईने पायाचे तळवे चोळले, निंबाने हाताचे. ती संध्याकाळ निघून गेली. त्यानंतरच्या रक्ताच्या तपासणीत बुरशी उगवली नाही. दुसऱ्या तपासणीतही नाही. डॉक्टर म्हणाले, "हवे सारूं छे." आता बरं आहे म्हणाले, पण हसले नाहीत, म्हणून निंबालाही हसता आलं नाही.

महिनाभराने तिला घरी सोडलं. डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. डोळ्यांची डॉक्टर म्हणाली, यापुढे फार काही परत येणार नाही.

निंबा आता कापड मार्केटात गठ्ठे बांधायच्या कामाला जात होता. पहिल्या तपासणीला तो सुट्टी टाकून गायत्रीबरोबर गेला. परतताना तिने विचारलं, "पप्पा, आयसीयूत तुम्ही मला काय पाजत होता? आई सांगत नाही."

रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने तिला सगळं सांगितलं. उंदीर, फ्रिजमधली बरणी, डॉक्टरांचं ते तिसरं उत्तर. काही सोडलं नाही. सांगताना तो तिच्याकडे बघू शकला नाही. समोरून बस गेली, मागून टेम्पो गेला. 

"मला आधी सांगायला हवं होतं," शेवटी ती म्हणाली. "मी नाही म्हटलं असतं."

"हो."

"तुम्ही मला विचारलंच नाही."

"नाही विचारलं."

तिचा आवाज रागाने कापत होता आणि निंबाने तो राग उभा राहून घेतला. पुढच्या चौकात रस्ता ओलांडायचा होता. ती थांबली आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "डाव्या बाजूला या. तिकडनं गाडी आली तर मला दिसत नाही."

तो तिच्या डाव्या बाजूला गेला, आणि दोघांनी रस्ता ओलांडला.